ओक क्लिफचा स्टीव्ही

आपल्या मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजच्या डाव्या बाजूला, पडद्याच्या आड, वायरींच्या जंजाळात उकिडवा बसलेला जो गृहस्थ तुम्हाला दिसतो, तो मी. नाटकाच्या ऐन रंगात नायकाचा माइक बंद पडला की सगळं सभागृह मान वळवून ज्याच्याकडे बघतं, तोही मीच. लिहिणं हा काही माझा प्रांत नाही. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात जे घडलं त्यात एका माणसाचा मोठा हात आहे. तो माणूस आपल्या फ्रिस्कोपासून जेमतेम पस्तीस-चाळीस मैलांवर जन्मला आणि तिथल्याच मातीत निजला आहे. आपल्यातल्या बहुतेकांना त्याचं नाव ठाऊक नसावं. मलाही नव्हतं. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात झाली आमच्या गराजमधून. आमचे चिरंजीव तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर. लहानपणी मी त्याला हौसेनं तबल्यावर बसवलं होतं. दोन वर्षं धा धिं धिं धा झालं, आणि मग सहावीत शाळेच्या बँडमध्ये स्वारी जी ड्रमकडे गेली ती परत काही आली नाही. त्याच्याबरोबर गिटारवर एक मित्र, बेसवर एक, असा तिघांचा बँड. आमच्या दोन्ही गाड्या गेली तीन वर्षं ड्राइव्हवेवर उन्हातान्हात आणि टेक्सासच्या गारपिटीत उभ्या आहेत, कारण गराजमध्ये ड्रम. शेजारी भले, म्हणून निभावलं.

त्या उन्हाळ्यात या तिघांनी स्वतःची चार गाणी रेकॉर्ड केली. पद्धत अशी, की आधी ड्रमवाल्यानं कानात टिकटिक लावून एकट्यानं वाजवायचं. प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी एकेक माइक. मग कॉम्प्युटरवर त्यातला प्रत्येक ठोका काढून टाकायचा आणि त्याजागी विकत मिळणारा तयार, गुळगुळीत ठोका बसवायचा. गिटारची वायर थेट लॅपटॉपमध्ये, अँप्लिफायरचा आवाज सॉफ्टवेअरचा. सगळ्यात शेवटी गाणं. तिघे एकदाही एका वेळी वाजवत नाहीत! मला मोठ्या अपेक्षेनं ऐकवलं. मी छान आहे म्हटलं. बापाच्या छान म्हणण्यात किती पाणी आहे हे पोरांना बरोबर कळतं. त्यानं खोदून विचारलं तेव्हा मला सांगावंच लागलं, की सगळं जागच्या जागी आहे, पण कोणी माणूस वाजवतोय असं वाटत नाही. मग दोन दिवस अबोला.

मी मूळचा मिरजेचा. तबला थोडाफार शिकलो, तो पोटापाण्याला उपयोगी पडला नाही तरी कानाला पडला. दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी गाणी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकली आहेत. तबल्याच्या अगदी शाईला चिकटवून माइक लावला तर नुसतं टपटप ऐकू येतं. तोच माइक हातभर मागे घ्या, म्हणजे डग्ग्याचा घुमारा येतो, चाटेनंतरची आस येते, बोटांमधली हवासुद्धा येते. मंडळाच्या कार्यक्रमात हे मी दरवर्षी करतो आणि दरवर्षी कोणीतरी येऊन माइक पुढे सरकवून जातं. असो.

ऑफिसात माझ्या शेजारी एक वयस्कर गोरे गृहस्थ बसायचे, आता निवृत्त झाले. त्यांचं लहानपण डॅलसच्या ओक क्लिफ भागातलं. जेवताना त्यांना मी गराजची ही कर्मकथा सांगितली, तर ते नुसते हसले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक जुनी सीडी ठेवून गेले. स्टीव्ही रे वॉन, 'टेक्सास फ्लड', १९८३. संध्याकाळी टोलवेवरच्या ट्रॅफिकमध्ये मी ती लावली. प्रेस्टन रोडला उतरायचं विसरलो.

आता या स्टीव्हीची गोष्ट.

३ ऑक्टोबर १९५४ ला त्याचा जन्म झाला. वडील जिम वॉन, सगळे त्यांना बिग जिम म्हणत. ॲस्बेस्टॉसच्या कामावरचे मजूर, कामासाठी कुटुंबाला घेऊन गावोगाव फिरणारे. शेवटी ओक क्लिफमधल्या ग्लेनफील्ड ॲव्हेन्यूवर छोट्याशा घरात स्थिरावले. तापट माणूस, आणि दारू भरपूर. मुलं भेदरून असायची. थोरला भाऊ जिमी साडेतीन वर्षांनी मोठा. फुटबॉल खेळताना त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, घरी बसून करायचं काय म्हणून कोणीतरी त्याच्या हातात गिटार दिली आणि त्यात तो बघता बघता तयार झाला. धाकटा स्टीव्ही भाऊ नसताना गुपचूप त्याची गिटार उचलायचा. सातव्या वाढदिवसाला, १९६१ मध्ये, त्याला स्वतःची मिळाली, पण ती सीअर्सच्या दुकानातली खेळण्यातली. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, ते कधीच आलं नाही. सगळं कानानं. रेकॉर्ड लावायची, सुई उचलून मागे न्यायची, पुन्हा ऐकायचं. १९६३ मध्ये त्यानं लॉनी मॅक या गिटारवादकाची रेकॉर्ड विकत आणली आणि इतक्यांदा वाजवली की बिग जिमनी वैतागून ती फोडून टाकली. आपल्याकडे रेडिओ सिलोन ऐकताना ज्यांनी वडिलांचा मार खाल्लाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढे बावीस वर्षांनी, १९८५ मध्ये, त्याच लॉनी मॅकच्या अल्बमच्या निर्मितीत स्टीव्हीचा हात होता.

वडिलांच्या ग्लासातली दारूही त्यानं याच वयात चोरून प्यायला सुरुवात केली. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पोरवयात तो एका हॅमबर्गरच्या दुकानात भांडी घासायचा. तिथे एकदा तेलकट गाळाच्या पिंपाच्या झाकणावर उभा राहिला, झाकण मोडलं आणि स्वारी कमरेपर्यंत आत. त्या दिवशी त्यानं नोकरी सोडली आणि ठरवलं, आता फक्त गिटार. किंबल हायस्कूलमध्ये अभ्यासाची बोंब होतीच, कारण रात्री क्लबमध्ये वाजवून सकाळी वर्गात झोपा काढायचा. १९७१ च्या अखेरीला शाळा अर्धवट टाकून तो ऑस्टिनला गेला. वय सतरा. माझ्या पोटात गोळा आला तो हे वाचताना, कारण आमच्या गराजमधल्या तिघांचंही ऑस्टिन ऑस्टिन चाललेलं होतं. युनिव्हर्सिटी हे निमित्त, खरी ओढ तिथल्या क्लबांची.

ऑस्टिनमधली दहा वर्षं म्हणजे निव्वळ हमाली. आज या बँडमध्ये, उद्या त्या. राहायला धड जागा नाही, कोणाच्या तरी कोचवर झोपायचं. १९७५ मध्ये तिथे अँटोन्स नावाचा ब्लूज क्लब निघाला, तिथे मोठमोठे काळे वादक यायचे. ऐन विशीतला हा पोरगा अल्बर्ट किंगसारख्या उस्तादाशेजारी उभा राहून वाजवायला लागला. आपल्याकडे गुरूच्या मागे तानपुऱ्यावर बसून शिकतात, तसंच हे म्हणायचं. १९७८ मध्ये 'डबल ट्रबल' नावाचा बँड झाला. ड्रमवर क्रिस लेटन, आणि १९८१ पासून बेसवर टॉमी शॅनन. हे शॅनन १९६९ च्या वुडस्टॉकमध्ये जॉनी विंटरबरोबर वाजवून आलेले, पण मधल्या काळात हलाखीत गेलेले. तिघेच. कीबोर्ड नाही, दुसरी गिटार नाही.

त्याच्या गिटारबद्दल थोडं सांगायलाच हवं. साधारण गिटारवाला सगळ्यात बारीक तार नऊ किंवा दहाची लावतो, म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग. हा तेराची लावायचा. तार जाड, म्हणून आवाज भरदार. ती ओढता यावी म्हणून सगळ्या तारा अर्ध्या स्वरानं उतरवलेल्या. तरी बोटांची सालपटं निघायची, मग सुपर ग्लूनं ती चिकटवून पुन्हा वाजवायला बसायचा. त्याच्या आवाजाची जी नक्कल लोक आज कॉम्प्युटरवर पैसे देऊन विकत घेतात, तिचा अर्धा भाग या तारांत आणि त्या बोटांत होता. उरलेला अर्धा, खोलीतली हवा हलवणाऱ्या मोठ्या अँप्लिफायरमध्ये. लॅपटॉपमध्ये वायर खुपसून हवा हलत नाही.

१७ जुलै १९८२. स्वित्झर्लंडमधला माँट्रोचा महोत्सव. रेकॉर्ड नसलेला, नाव नसलेला बँड तिथे कसा पोचला हीच नवलाई. आणि पोचून काय झालं? त्या दिवशी बाकीचं सगळं शांत, ॲकूस्टिक वाजवणं चाललेलं. त्यात या तिघांनी एकदम गडगडाट केला आणि श्रोत्यांतल्या काहींनी चक्क हुर्यो उडवली. स्टीव्ही मान खाली घालून स्टेजवरून उतरला. परदेशात पहिल्यांदा जाऊन अपमान झाल्यावर काय वाटतं ते या अंकाच्या वाचकांना मी काय सांगणार! पण त्याच मुक्कामात कॅसिनोच्या बारमध्ये ते पुन्हा वाजवत बसले, आणि दोन माणसं त्यांना भेटली. एक डेव्हिड बोवी आणि दुसरे जॅक्सन ब्राउन. बोवीनं त्याला आपल्या पुढच्या अल्बमवर वाजवायला बोलावलं. ब्राउननी लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ तीन दिवस फुकट वापरायला देऊ केला.

तेच ते तीन दिवस. नोव्हेंबर १९८२, थँक्सगिव्हिंगचा आठवडा. स्टुडिओ म्हणजे डाउनटाउनमधलं एक गोदाम, खाली सिमेंटची फरशी, तिच्यावर टाकलेले गालिचे. पहिला दिवस मांडामांडीत गेला. पुढच्या दोन दिवसांत दहा गाणी झाली. टेपसुद्धा नवी नव्हती, ब्राउन यांची वापरून झालेली होती. तिघे एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले आणि जसं रोज रात्री क्लबात वाजवायचे तसं वाजवलं. वाजवण्यात नंतरची जोडजाड जवळजवळ नाहीच, गाण्याचा आवाज मात्र मागाहून ऑस्टिनला घेतला. इंजिनिअर रिचर्ड मलन.

१९८२-८३ साली जगात काय चाललं होतं ते लक्षात घ्या, म्हणजे याचं मोल कळेल. फिल कॉलिन्सच्या १९८१ च्या गाण्यापासून ड्रमच्या आवाजाची एक फॅशन आली होती. ठोक्याला प्रचंड घुमारा द्यायचा आणि तो कात्रीनं कापल्यासारखा मधेच तोडायचा. ड्रम मशिनं आली होती, माणसाऐवजी बटणं वाजत होती. त्या गदारोळात 'टेक्सास फ्लड'वरचा क्रिस लेटनचा ड्रम म्हणजे खोलीत वाजणारा ड्रम आहे, बस्स. झांज वाजली की ती विरेपर्यंत ऐकू येते. स्नेअरखालच्या तारांची खरखर येते. गिटार जोरात आली की तिचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरतो. याला इंग्रजीत ब्लीड म्हणतात आणि रेकॉर्डिंगवाले त्याला घाबरतात. मी म्हणतो, का घाबरायचं? भजनात टाळांचा आवाज गवयाच्या माइकमध्ये शिरतोच की. शिरला नाही तर ते भजन एका खोलीत झालं असं वाटणार नाही. मात्र एक अट आहे, सगळ्यांनी बरोबर वाजवलं पाहिजे. कारण एकाची चूक दुसऱ्याच्या माइकमध्ये गेलेली असते, ती नंतर पुसता येत नाही. लेटन आणि शॅनन यांचं खरं कसब हेच, की ते आपल्या जागेवरून हलत नाहीत. ठेका धरून बसतात. तबलजीला उगाच लग्ग्या-लड्यांचा मोह होतो तो ज्यांनी पाहिलाय त्यांना याची किंमत कळेल.

ही टेप नमुन्यादाखल म्हणून केली होती. ती पोचली जॉन हॅमंड यांच्या हाती. बिली हॉलिडे, बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांना पुढे आणणारे हेच ते हॅमंड. १९३८ मध्ये कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमासाठी त्यांनी रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाचा शोध घेतला होता, तर तो आधीच वारला होता. मग त्यांनी स्टेजवर त्याच्या रेकॉर्डी वाजवून दाखवल्या. त्या जॉन्सनचं शेवटचं रेकॉर्डिंग जून १९३७ मध्ये झालं ते आपल्या डॅलसमध्ये, ५०८ पार्क ॲव्हेन्यूच्या इमारतीत. इमारत अजून उभी आहे, डाउनटाउनला गेलात तर बघून या. आणि पंचेचाळीस वर्षांनी त्याच हॅमंडना पुन्हा डॅलसचाच पोरगा मिळाला! त्यांनी ती नमुन्याची टेपच रेकॉर्ड म्हणून काढायचं ठरवलं. जून १९८३ मध्ये 'टेक्सास फ्लड' आली.

त्याच्या दोनच महिने आधी बोवीचा 'लेट्स डान्स' आला होता आणि जगभर गाजत होता. त्यातल्या आठपैकी सहा गाण्यांत गिटार स्टीव्हीची. पुढच्या जागतिक दौऱ्याच्या तालमी कुठे झाल्या असतील? आपल्या अर्व्हिंगला, लास कोलिनासमध्ये. ज्या तळ्याकाठी आपली निम्मी मंडळी अमेरिकेत आल्या आल्या अपार्टमेंट घेऊन राहिली, तिथे. पण दौरा सुरू व्हायच्या तोंडावर स्टीव्ही त्यातून बाहेर पडला. आपल्या बँडला सोडून जाणं त्याला जमलं नाही, पैशांचाही वाद होता. सगळ्यांनी वेड्यात काढलं. वर्षभरात तो स्वतःच्या नावावर मोठी सभागृहं भरवत होता.

इथपर्यंतची गोष्ट मी घरी जेवणाच्या टेबलावर मोठ्या रंगात सांगितली. पुढची सांगायला मात्र अडखळलो.

१९८५ मध्ये तिसरा अल्बम करायला तो याच लास कोलिनासमधल्या डॅलस साउंड लॅबमध्ये आला. म्हणजे घरीच आला म्हणायचं. आता पैसा होता, वेळ होता, उत्तम यंत्रं होती. आणि जे काम दोन दिवसांत झालं होतं त्याला दोन महिने लागले. दारू आणि कोकेन. वादक ताटकळत बसायचे. व्हिस्कीत कोकेन मिसळून पिण्यापर्यंत मजल गेली होती, सकाळ त्यानंच व्हायची. अल्बम खपला. मी तो अनेकदा ऐकला आहे. काही गाणी झकास आहेत, पण पहिल्या अल्बममध्ये तिघे एका खोलीत आहेत ते जाणवतं, तसं यात मला नेहमी जाणवत नाही. पुढचं सगळं ठाऊक असल्यामुळे कदाचित माझा कान दूषित झाला असेल.

२७ ऑगस्ट १९८६ ला बिग जिम गेले. वडिलांना माती देऊन मुलगा लगेच पुढच्या कार्यक्रमाला रवाना झाला. महिन्याभरानं, २८ सप्टेंबरला, जर्मनीत लुडविगशाफेनला त्याला रक्ताची उलटी झाली. पोटाच्या आतल्या अस्तराच्या चिंध्या झाल्या होत्या. लंडनला डॉक्टरांनी हे असंच चाललं तर महिनाभरही काढणार नाहीस, अशा अर्थाचं सुनावलं. त्यानं दौऱ्यातले उरलेले कार्यक्रम सोडले, आईला बोलावून घेतलं आणि परत येऊन अटलांटाच्या इस्पितळात व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला. टॉमी शॅननही त्याच सुमारास ऑस्टिनला दाखल झाला. वय बत्तीस.

माझा एक चुलतभाऊ होता. सांगली-मिरज भागातल्या ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवायचा. सत्तरच्या दशकात लग्नात, गणपतीत, साखर कारखान्याच्या कार्यक्रमात हे ऑर्केस्ट्रा असायचे, तुम्हाला आठवत असतील. मला तबल्यावरून ओढून त्यानंच पहिल्यांदा स्पीकर जोडायला शिकवलं, कुठली वायर कुठे जाते ते. आज मी पडद्याआड जो बसतो तो त्याच्यामुळे. छत्तिसाव्या वर्षी गेला. घरात सांगितलं गेलं, पोटाचा विकार. आजतागायत तेच सांगितलं जातं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होतो. शेवटच्या दिवाळीला त्याचे हात थरथरताना मी पाहिले होते आणि कोणालाच काही विचारलं नव्हतं. आमच्या मुलाला असा एक काका होता एवढंही ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत तो नाही.

तर, स्टीव्ही. इस्पितळातून तो बाहेर आला तेव्हा त्याला सगळ्यात मोठी धास्ती ही होती, की दारूशिवाय आपल्याला वाजवता येईल का? आयुष्यात शुद्धीत कधी स्टेजवर गेलाच नव्हता म्हणा ना. आला. पुढची चार वर्षं थेंबाला शिवला नाही. कार्यक्रमात गाण्यांच्या मधे थांबून श्रोत्यांना स्वतःची हकिगत सांगायचा, आडपडदा न ठेवता. लग्न तोवर मोडलं होतं, १९८८ मध्ये घटस्फोट झाला. ज्या बायकोच्या नावाचं शांत वाद्यसंगीत 'टेक्सास फ्लड'च्या शेवटी आहे, तिच्याशीच. १९८९ मध्ये 'इन स्टेप' हा अल्बम आला, त्यात व्यसनातून बाहेर पडण्याची गाणी आहेत आणि माझ्या मते त्याचं सर्वात चांगलं वादन. मेंफिसमधल्या त्या स्टुडिओत त्याच्या अँप्लिफायरना कसलीतरी घरघर यायची, ती काही केल्या जाईना. शेवटी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा पिंजरा करून त्यात त्याला वाजवायला लावलं. आवाजाच्या कामात माझी निम्मी हयात अशा घरघरीच्या मागे गेली असल्यामुळे हा किस्सा मला फार जवळचा वाटतो. त्या अल्बमला १९९० मध्ये ग्रॅमी मिळालं.

त्याच वर्षी दोघा भावांनी पहिल्यांदाच मिळून अल्बम केला. चोरून ज्याची गिटार वाजवली त्या थोरल्या भावाबरोबर. तो बाजारात यायचा होता.

२६ ऑगस्ट १९९० ला विस्कॉन्सिनमध्ये अल्पाइन व्हॅलीला एरिक क्लॅप्टनच्या कार्यक्रमात स्टीव्ही वाजवला. शेवटी क्लॅप्टन, बडी गाय, रॉबर्ट क्रे, जिमी आणि तो, असे सगळे एकत्र स्टेजवर होते. मध्यरात्रीनंतर दाट धुक्यात हेलिकॉप्टरं शिकागोकडे निघाली. एकात एकच जागा शिल्लक होती, ती त्यानं घेतली. ते हेलिकॉप्टर शेजारच्याच स्कीच्या टेकडीवर आदळलं. पाचही जण गेले. तारीख २७ ऑगस्ट, बरोबर चार वर्षांपूर्वी वडील गेले तीच. वय पस्तीस. ३१ तारखेला डॅलसच्या लॉरेल लँड स्मशानभूमीत वडिलांशेजारी त्याला पुरलं. तिथे स्टीव्ही वंडर, बॉनी रेट आणि ज्यांच्या गोदामात ती दोन दिवसांची रेकॉर्ड झाली ते जॅक्सन ब्राउन गायले. भावांचा अल्बम पुढच्या महिन्यात निघाला.

मागच्या नाताळच्या सुट्टीत मी मुलाला घेऊन लॉरेल लँडला गेलो. टोलवेनं डाउनटाउन, तिथून आय-३५ नं दक्षिणेला. ट्रॅफिक नसेल तर फ्रिस्कोहून पाऊण तास. समाधीवर लोकांनी गिटारच्या नख्या ठेवल्या होत्या, त्यानंही ड्रमची एक जुनी काठी ठेवली. परतताना जवळच्या कीस्ट पार्कातलं दोघा भावांचं शिल्प पाहिलं. गाडीत बसल्यावर मी त्याला माझ्या चुलतभावाबद्दल सांगितलं. सगळं, हात थरथरत होते तेसुद्धा. गाडी चालवत असल्यामुळे समोर बघून बोलता आलं, ते बरं झालं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, की काकाकडे कुठली गिटार होती? मला आठवेना. रात्री मिरजेला फोन करून काकूला विचारलं. काकू आता ऐंशीच्या पुढे आहे. पस्तीस वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ती तासभर बोलत होती.

मार्चच्या सुट्टीत आमच्या गराजमध्ये पुन्हा रेकॉर्डिंग झालं. खाली गालिचे आणि देशातून आणलेल्या दोन सतरंज्या. तिघे एकमेकांकडे तोंड करून. ड्रमवर डोक्याच्या उंचीवर दोन माइक. आवाज एका मिलिसेकंदाला साधारण एक फूट जातो, तेव्हा स्नेअरपासून दोन्ही माइक सारख्याच अंतरावर हवेत, नाहीतर ठोका दोनदा पोचतो आणि पोकळ वाटतो. त्यासाठी सौ.ची शिवणाची टेप आणली. बास ड्रमपुढे एक माइक, स्नेअरला एक, बस्स. गिटारच्या अँप्लिफायरला समोर एक. मिक्स करतानाही आधी ते वरचे दोन माइक उघडायचे आणि त्यातच ड्रम पुरा वाटतो का बघायचं. कमी पडेल तेवढंच बाकीच्यांतून घालायचं. नेमकं त्याच वेळी पलीकडच्या घरी गवत कापायचं मशीन सुरू झालं. ते थांबेपर्यंत आम्ही पोहे खाल्ले.

सातव्या खेपेला गाणं जमलं. मधे एका ठिकाणी ड्रमच्या स्टुलाची कुरकुर स्पष्ट ऐकू येते. ती काढता येईल का असं मीच विचारलं, तर तिघांनीही नको म्हटलं.

ऑगस्टमध्ये तो ऑस्टिनला गेला. ड्रम घेऊन गेला, ती सीडी घेऊन गेला. गाड्या आता गराजमध्ये आल्या आहेत. सौ. मात्र अजून शिवणाची टेप शोधते आहे.